कुठे जाऊन सोडू?

गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेतर्फे व्यसनमुक्तीची फेरी निघाली होती. अनेकांना ती आठवत असेल. पुढे लेझीम, मागे आम्ही साठ-सत्तर विद्यार्थी आणि प्रत्येकाच्या हातात पुठ्ठ्याची पाटी. माझ्या पाटीवर 'आजच दारू सोडा' एवढेच शब्द होते. आदल्या रात्री लाल रंगाने ते मीच रंगवले होते. फेरी मार्केट यार्डाच्या दाराशी आली तेव्हा पोत्यांच्या थप्पीला टेकून बसलेले एक म्हातारे हमाल उठून पुढे आले. माझ्या पाटीकडे त्यांनी बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "सोडायची हाय पोरी. पण कुठं जाऊन सोडू, ते बी लिव की त्या पाटीवर."

मुले हसली. मीही हसल्यासारखे केले. फेरी पुढे गेली, घोषणा झाल्या, मान्यवरांची भाषणे झाली, वडापाव वाटले गेले आणि दुसऱ्या दिवशी आमचे छायाचित्र सूचना फलकावर झळकले. एका माणसाने भर रस्त्यात विचारलेला साधा, सरळ प्रश्न मात्र तिथेच पडून राहिला.

वाचकहो, हा लेख लिहिण्याचे कारण एवढेच की त्या प्रश्नाचे उत्तर त्या सकाळी मला ठाऊक होते. जागा ठाऊक होती, वार ठाऊक होता, वेळही ठाऊक होती. म्हातारबाबा जिथे उभे होते तिथून ती जागा चारशे पावलांवर होती. तरी मी बोलले नाही. कारण मी बोलले असते तर शेजारच्या मैत्रिणीने विचारले असते, "तुला गं कसं ठाऊक?"

त्या गप्प राहण्याची टोचणी मला आजही आहे. प्रश्न केवळ माझ्या एकटीच्या भित्रेपणाचा असता तर त्यासाठी महाविद्यालयाच्या अंकाची पाने मी अडवली नसती. पण ज्या लाजेने त्या दिवशी माझे तोंड बंद केले, त्याच लाजेने आपल्या सगळ्या गावाचे तोंड बंद केले आहे, असे मला वाटते.

जरा आजूबाजूला पाहा. आपल्या गावात देशी दारूचे सरकारमान्य दुकान कुठे आहे हे पाचवीतले पोरही सांगेल. परमिट रूमच्या पाट्या तर रात्रीही दिव्यांनी उजळलेल्या असतात. एस. टी. स्टँडवर उतरलेल्या परक्या माणसाला दारू प्यायची असेल तर कुणाला काही विचारावे लागत नाही. मात्र त्याच माणसाला दारू सोडायची असेल तर? एक पाटी नाही, एक बाण नाही, एक कागद नाही. दारू पाजणाऱ्याला पाटी लावण्याची लाज नाही आणि सोडवणाऱ्याला आहे, असा उलटा न्याय आपण चालवून घेतला आहे.

दिल्लीच्या एम्स या वैद्यकीय संस्थेतील केंद्राने केंद्र सरकारसाठी देशभर व्यसनांची पाहणी केली. तिचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. दारूच्या पूर्णपणे आहारी गेलेल्या लोकांपैकी दर ३८ जणांत केवळ एकाला कोणत्या तरी स्वरूपाचा उपचार मिळाला होता, असे त्यात नमूद आहे. उरलेल्या ३७ जणांना दारू सोडायचीच नव्हती, असे कोणी म्हणेल काय? मी तरी म्हणणार नाही. कारण त्या ३७ जणांतला एक माणूस मी जवळून पाहिला आहे. ते माझे वडील.

येथे एक खुलासा करणे आवश्यक आहे. या लेखाखाली माझे नाव नाही. आपल्याकडे मुलीच्या नावामागोमाग बापाचे नाव येते. हजेरीपटावर येते, गुणपत्रिकेवर येते. माझे नाव छापले म्हणजे अण्णांचेही नाव छापल्यासारखेच. लेख लिहिण्यापूर्वी मी त्यांना विचारले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझं नाव घालू नको. जागेचं घाल." या लेखात मला जे सांगायचे आहे ते सारे या दोन वाक्यांत आले आहे. पुढे मी लिहीत आहे ते फक्त त्याचे स्पष्टीकरण.

अण्णा मार्केट यार्डात हमाली करतात. दिवसभर पोती वाहिल्यावर अंग मोडून येते, रात्री झोप लागत नाही, म्हणून आधी घोटभर, मग पावशेर आणि मग काही मोजदादच नाही, असा हा रस्ता आहे. तो आमच्या गल्लीतल्या बहुतेक घरांवरून जातो. मी पाचवीत होते तेव्हापासून त्यांचे पिणे मला कळते. त्यांनी सोडण्याचा प्रयत्न केला नाही असे मात्र कोणी म्हणू नये. माझ्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी शपथ घेतली होती आणि घेताना ते खरेच रडले होते. शपथ आठ दिवस टिकली. आषाढीला पंढरीची माळ घातली, ती दसऱ्यापर्यंत टिकली. माळेने सुटलेली माणसे आमच्या गल्लीत आहेत आणि मी त्यांना हात जोडते. पण नीट पाहिले तर ती माणसे एकटी सुटलेली नाहीत. त्यांना रोजचे भजन आहे, एकादशीचे कीर्तन आहे, वारीची दिंडी आहे. अण्णांनी माळ तेवढी घातली, सोबत कुठली जोडली नाही.

मग आईने स्टँडच्या भिंतीवरची 'न सांगता दारू सोडवा' ही जाहिरात वाचली. भिशीचे पैसे देऊन पुडी आणली आणि वरणात कालवली. अण्णांना इतक्या उलट्या झाल्या की आम्ही घाबरून गेलो. दारू काही सुटली नाही, मात्र त्यानंतर कितीतरी दिवस अण्णा आईच्या हातचे जेवताना ताटाकडे संशयाने पाहत. घरात तेवढे एक चांगले उरले होते, तेही त्या पुडीने नेले.

त्यानंतर एकदा अण्णांनी मनावर घेऊन एका दिवसात पिणे बंद केले. आम्हाला आनंद झाला. तिसऱ्या दिवशी त्यांचे हात थरथरू लागले, भिंतीवर मुंग्याच मुंग्या दिसू लागल्या, पहाटे झटका आला. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितले तेव्हा प्रथम कळले की वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने औषधोपचाराशिवाय एकदम दारू बंद केली तर जिवावर बेतू शकते. ज्यांच्या घरी असा माणूस आहे त्यांनी ही गोष्ट अवश्य लक्षात ठेवावी. सुरुवातीचे दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली गेले पाहिजेत. डॉक्टरांनी अण्णांना वाचवले, त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण घरी सोडताना हातात दिलेल्या कागदावर शेवटची ओळ होती, 'मद्यपान कायम बंद.' माझ्या पाटीवरचे शब्द आणि त्या कागदावरची ओळ यांत काय फरक होता? कुठे जाऊन बंद, ते त्यावरही नव्हते.

आमच्या वर्गात राम गणेश गडकरी यांच्या 'एकच प्याला' या नाटकाची चर्चा झाली होती. हे नाटक १९१९ साली रंगभूमीवर आले, म्हणजे त्याला शंभर वर्षे होऊन गेली. त्यातला तळीराम आपल्या सोबत्यांसह 'आर्य मदिरा मंडळ' काढतो. विनोदी प्रवेश म्हणून आपण तो वाचतो आणि हसतो. मला मात्र त्या हसण्यामागे एक मोठे सत्य दिसले. सुधाकर दारूत बुडतो तो एकटा बुडत नाही. त्याला बुडवायला मंडळ असते, त्याची ठरलेली जागा असते, 'ये, बैस' म्हणणारी माणसे असतात. उलट त्याच नाटकातला भगीरथ त्या मंडळातून बाहेर पडतो, तो रामलाल त्याला जवळ करतो तेव्हा. म्हणजे बुडायला सोबत लागते, तशी वर यायलाही लागते. गावोगावी तळीरामाच्या मंडळाच्या शाखा आहेत. समोरच्या बाजूचे मंडळ कुठे आहे?

ते आहे. त्याचे नाव अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस. सगळे त्याला ए. ए. म्हणतात. नावाचा अर्थ निनावी मद्यपींची मंडळी असा आहे. त्याच्या जन्माची कथा माझ्या विषयाशी इतकी जुळते की ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९३५ सालच्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअरबाजारातला एक गृहस्थ कामासाठी अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन या गावी आला होता. दारू सोडून त्याला काही महिनेच झाले होते. काम फसले, खिशात पैसे नाहीत, परके गाव, आणि हॉटेलच्या दालनाच्या एका टोकाला बारमधून हसण्याबोलण्याचे आवाज. दालनाच्या दुसऱ्या टोकाला गावातील चर्चची यादी लावलेली होती. तो त्या यादीकडे वळला आणि एकामागून एक फोन करू लागला. दारू नको, पण दारूशी झगडणारा दुसरा एखादा माणूस भेटवा, असे त्याचे मागणे होते. अनेक फोननंतर एका बाईंच्या मध्यस्थीने त्याला डॉ. बॉब स्मिथ हे शल्यवैद्य भेटले. तेही दारूच्या आहारी गेलेले होते. दोघे तासन्‌तास बोलत बसले. १० जून १९३५ हा दिवस ए. ए. चा स्थापनादिन मानतात. डॉक्टरांनी शेवटचा घोट घेतला तो हा दिवस. आज हे काम जगातल्या बहुतेक देशांत चालते. भारतात ते १९५७ पासून चालू आहे.

या कथेत मला भिंतीवरची ती यादी महत्त्वाची वाटते. ती नसती तर दालनाचे एकच टोक उरले असते.

आम्हाला तशी यादी मिळायला पाच महिने लागले. फोनवर शोधले तेव्हा मोठ्या शहरांतले पत्ते पुष्कळ मिळाले. आपल्या तालुक्याचा एकच मिळाला, तोही जुना. त्यावरचा नंबर अस्तित्वात नव्हता. मी आणि आई संध्याकाळी त्या पत्त्यावर गेलो. ती एक शाळा होती. पहारेकऱ्याने आम्हा दोघींकडे वरपासून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाला, "ती लोकं व्हय? कवाच गेली." कुठे गेली ते त्याला ठाऊक नव्हते. दुसऱ्या खेपेस एका खाजगी केंद्रात गेलो. तिथे महिन्याचा खर्च ऐकला आणि पाणी पिऊन परत आलो. ज्यांना विचारावे ते आधी इकडेतिकडे पाहायचे आणि मग आवाज खाली आणायचे. शेवटी पत्ता मिळाला तो स्टँडवरच्या एका चहावाल्याकडून. त्याने विचारले, "कुणासाठी?" मी म्हटले, "वडिलांसाठी." तो गाळणी खाली ठेवून म्हणाला, "मी माझ्यासाठी असाच हिंडलो होतो."

जागा निघाली आपल्या गावच्या सार्वजनिक वाचनालयामागची खोली. यार्डाच्या मागच्या दारापासून चारशे पावले. ती मी नंतर मोजली. मीटिंग तिथे नऊ वर्षे भरत होती. नऊ वर्षे! म्हणजे मी दहा वर्षांची होते तेव्हापासून. बारावीचा अभ्यास मी त्याच वाचनालयाच्या पुढच्या दालनात बसून केला आहे. कधीकधी मागच्या खोलीतून टाळ्या ऐकू येत. मला वाटे, कुणाचा तरी वाढदिवस असेल. आणि खरोखरच तो वाढदिवस असे. दारू सोडल्याला एक वर्ष, दोन वर्षे, पाच वर्षे झाली की ही मंडळी त्या माणसाचा वाढदिवस साजरा करतात. भिंतीच्या अलीकडे मी घरचे भांडण विसरण्यासाठी पुस्तकात डोके खुपसून बसले होते, आणि त्या भांडणावरचा उपाय भिंतीच्या पलीकडे टाळ्या वाजवत होता. यासाठी मी कुणाला दोष देऊ?

आत काय चालते याविषयी लोकांच्या नाना कल्पना आहेत. महिन्यातून एकदा खुली मीटिंग असते, तिला घरच्यांनाही बसता येते. तशा मीटिंगला मी आणि आई गेलो आहोत. तिथे ऐकलेले तिथेच ठेवायचे असते, म्हणून कोण काय बोलले ते मी लिहिणार नाही. पद्धत मात्र सांगते. फी नाही. नाव नोंदवावे लागत नाही. कुणी पूर्ण नाव, जात, गाव वा धंदा विचारत नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच सभासद होण्याची अट. प्रत्येक जण पाळीपाळीने स्वतःविषयी बोलतो. दुसऱ्याच्या बोलण्यात कोणी तोंड घालत नाही, कोणी उपदेश करत नाही. जन्मभराची शपथ कोणी घालत नाही, फक्त आजचा दिवस प्यायचे नाही एवढेच ठरवायचे. उद्याचे उद्या. नव्या माणसाला एखादा जुना सभासद आपला फोन नंबर देतो आणि 'तलफ आली की प्यायच्या आधी मला फोन कर' असे सांगतो. चहासाठी आणि जागेच्या भाड्यासाठी सभासद आपापसात पैसे काढतात, बाहेरच्या कोणाची देणगी घेत नाहीत. देवाचा उल्लेख येतो, पण तो देव कोणता हे ज्याने त्याने ठरवायचे. यार्डातला हमाल आणि खुर्चीवरचा साहेब एकाच बाकावर बसून एकाच दुखण्याविषयी बोलतात, असे दृश्य मी आपल्या गावात दुसरीकडे कुठेही पाहिलेले नाही. अण्णा पहिल्या वेळी दारापर्यंत जाऊन परत आले होते. दुसऱ्या वेळी चहावाल्याबरोबर आत गेले. रात्री घरी आल्यावर आईला म्हणाले, "तिथं कुणी शिकवत न्हाई गं. जो तो आपलं सांगतो."

ए. ए. म्हणजे जादूची कांडी नव्हे. काही जण दोनदा येतात आणि पुन्हा दिसत नाहीत. काहींना ही पद्धत मानवत नाही. ज्यांना रुग्णालयात राहण्याची गरज आहे त्यांनी तेथेच गेले पाहिजे. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ साली सुरू केलेले मुक्तांगण हे केंद्र आज अनेकांना ठाऊक आहे. तरीही उपचार घेऊन माणूस घरी येतो तेव्हा गल्ली तीच असते आणि संध्याकाळही तीच असते. त्या संध्याकाळचे काय करायचे, याचे उत्तर मीटिंग देते. कॉक्रेन या संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२० साली २७ अभ्यासांचा आणि त्यांतील दहा हजारांहून अधिक रुग्णांचा एकत्र आढावा घेतला. दारूपासून पूर्णपणे दूर राहण्याच्या बाबतीत ए. ए. आणि रुग्णांना तिच्याकडे वळवणारे उपचार हे इतर प्रस्थापित उपचारांच्या तोडीचे, किंबहुना काहीसे सरस ठरतात, असा त्याचा निष्कर्ष आहे. यासाठी लागते काय, तर एक खोली आणि चहा.

आता काही आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप असा की ही मंडळी निनावी आहेत, तेव्हा त्यांची जागा जाहीर करणे त्यांनाच नको असेल. मलाही आधी तसेच वाटले होते. पण हा नावाचा आणि जागेचा घोटाळा आहे. माणसाचे नाव झाकायचे ते त्याला निर्धास्तपणे येता यावे म्हणून. जागाच झाकली तर येणार कोण? आपल्या गावच्या मंडळींना मी विचारले तेव्हा त्यांनी आनंदाने होकार दिला. पाटी लावायला त्यांची ना नव्हती. त्यांना कोणी लावू दिली नव्हती. अण्णांचे वाक्य पुन्हा सांगते: नाव घालू नको, जागेचे घाल.

दुसरा आक्षेप प्रतिष्ठेचा. विद्येच्या मंदिरात दारूड्यांची पाटी कशाला, असे काही जण म्हणतील. व्यसनमुक्तीची फेरी काढताना आपल्याला प्रतिष्ठेची अडचण आली नाही, मग पत्ता लिहितानाच का यावी? आणि हा प्रश्न महाविद्यालयाच्या फाटकाबाहेरचा आहे, अशा भ्रमात आपण राहू नये. वर्गात मागच्या बाकावर झोपणारी सगळीच मुले आळशी नसतात. काहींच्या घरी रात्रभर भांडण चाललेले असते. काही मुले स्वतःच त्या रस्त्याला लागलेली आहेत, हे आपण सर्वजण जाणतो आणि स्नेहसंमेलनाच्या रात्री तर पाहतोही.

तिसरा आक्षेप मोठ्या लोकांचा. सरकारने दारूबंदीच करावी म्हणजे मुळावर घाव बसेल, असे ते म्हणतात. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपुरात २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. त्या वादात शिरण्याची माझी पात्रता नाही. पण बंदी असो वा नसो, ज्याला आधीच व्यसन लागले आहे तो माणूस आज संध्याकाळी सात वाजता कुठे जाईल, हा प्रश्न उरतोच आणि तो कायद्याने सुटणारा नाही.

म्हणून माझ्या सूचना लहान आहेत. आपल्या महाविद्यालयाच्या सूचना फलकावर, जिथे परीक्षेचे वेळापत्रक लागते तिथेच, तीन ओळींचा एक कागद कायम लावावा: सार्वजनिक वाचनालयामागची खोली, बुधवार आणि शनिवार, संध्याकाळी ७ वाजता. चौथी ओळ लिहायची असेल तर व्यसनमुक्तीसाठी सरकारने ठेवलेला १४४४६ हा मोफत क्रमांक लिहावा. हाच कागद ग्रामपंचायत, दवाखाना, एस. टी. स्टँड, यार्ड आणि देशी दारूच्या दुकानासमोरचा विजेचा खांब येथे राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांनी लावावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दर तीन महिन्यांनी दोघांनी जाऊन पत्ता आणि वेळ अजून तीच आहे ना, हे पाहून यावे. जुना पत्ता हा पत्ता नसण्यापेक्षा वाईट असतो. मोठ्या धीराने निघालेला माणूस बंद दारावरून परत आला तर तो पुन्हा निघेलच असे नाही. पुढच्या फेरीत प्रत्येक पाटीच्या मागच्या बाजूस हा पत्ता लिहावा. आणि प्राचार्यांना माझी विनंती आहे की आठवड्यातून एका संध्याकाळी एक वर्गखोली घरच्या माणसांसाठी द्यावी. अशा कुटुंबियांसाठी अल्-अनॉन नावाची संघटना १९५१ पासून काम करते, पण आपल्या तालुक्यात तिची मीटिंग नाही. माझ्या आईला जे बोलायचे आहे ते ती आजवर फक्त भाकरीच्या पिठाशी बोलली आहे.

अण्णांविषयी सांगायचे तर त्यांनी जूनमध्ये सोडली. दिवाळीत पाडव्याच्या रात्री ते पिऊन आले. आई भिंतीकडे तोंड करून निजली आणि मला वाटले, संपले. दुसऱ्या दिवशी भाऊबीज होती आणि मीटिंगचा वारही होता. संध्याकाळी साडेसहाला अण्णांनी तोंड धुतले, स्वच्छ शर्ट घातला आणि कुणाशी न बोलता निघून गेले. रात्री आले ते शुद्धीत. शपथ मोडली होती तेव्हा त्यांना परत जायला जागा नव्हती, माळ उतरवली तेव्हाही नव्हती. या वेळी होती. आज हा लेख लिहिताना त्या गोष्टीला तीन महिने झाले. पुढचे मला ठाऊक नाही, त्यांनाही नाही. ते आजच्या दिवसापुरतेच बोलतात.

फेरीत प्रश्न विचारणारे म्हातारबाबा मला पुन्हा भेटले ते नाताळच्या सुट्टीत. अण्णांचा डबा घेऊन मी यार्डात गेले होते. त्या दिवशी न दिलेले उत्तर मी त्यांना दिले. जागा सांगितली, वार सांगितला, वेळ सांगितली. त्यांनी विचारले, "तुला कसं ठावं?" मी म्हटले, "आमचे अण्णा जातात." ते काही बोलले नाहीत. मान हलवून पुन्हा पोत्याला टेकून बसले.

ते अजून आलेले नाहीत. पण आता कुठे जायचे ते त्यांना ठाऊक आहे.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला
(लेखिकेचे नाव संपादक मंडळाकडे आहे.)